आळीची पाखाडी आणि घराची पट्टी



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहताना आमच्यासारख्याची छाती थोडी दडपते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून वेदान्त, इतिहास, अर्थशास्त्र यांवर विद्वान मंडळी बोलत आली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील मुंबईला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्या वर्षी आमचे बिऱ्हाड रत्नागिरीला परत आले. पुढे आंब्याच्या पेट्या ठोकता ठोकता आणि बंदरावर हमाली करता करता जे काही वाचले, ते नगर वाचनालयाच्या बाकावर. उरलेले कामगारांच्या सभांनी शिकवले. तेव्हा विषयही आम्ही आमच्या मापाचा निवडला आहे. आपली आळी दुरुस्त करावयाची, तर पैसा कोणी द्यावयाचा आणि किती द्यावयाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आपण सगळे कोकणातले आहोत. चार बोटांच्या गडग्यावरून दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारी घरे आपण पाहिली आहेत. देशाच्या अंदाजपत्रकावर आपण पानपट्टीच्या दुकानात शांतपणे बोलतो, आणि आळीच्या गटाराचा खर्च निघाला की आपला आवाज चढतो. जिथे माणसाचा आवाज चढतो तिथे काहीतरी खरे अडकलेले असते, असा आमचा संघटनेतला अनुभव आहे.

प्रथम पाखाडीविषयी. घाटावरच्या पाहुण्याला हा शब्द समजावून सांगावा लागतो. आपले गाव उतारावर वसलेले. वरच्या आळीतून खालच्या आळीत यावयाचे तर जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतराव्या लागतात. त्या वाटेला पाखाडी म्हणतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वसलेल्या वस्तीलाही पाखाडीच म्हणतात. वाट आणि वस्ती यांना एकच शब्द वापरणारी आपली भाषा मोठी शहाणी आहे. वाट बिघडली की वस्ती बिघडते, हे तिला ठाऊक आहे.

या पाखाडीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. चिऱ्यावर शेवाळ धरते. चिऱ्याचा सांधा उघडला की पाणी त्यातून माती ओढून नेते, आणि दोन पावसाळ्यांत पायरी डुगडुगू लागते. आमच्या लहानपणी एका आजारी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून, चौघांनी खुर्चीचे पाय धरून, भर आषाढात पाखाडीवरून खाली रस्त्यापर्यंत नेलेले आम्ही पाहिले आहे. पुढचे दोघे उलट्या पावलांनी उतरत होते. त्यातला एकजण घसरला. म्हातारा वाचला, घसरलेल्याचा गुडघा मात्र जन्माचा गेला. दुरुस्त पाखाडी म्हणजे काय चीज आहे, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

आता आमची एक चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुकांवर व्याख्यान देणे सोपे असते.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या आळीने ठरवले की, वाट पाहत बसावयाचे नाही, पाखाडी आपणच बांधावयाची. सभा भरली. संघटनेचा माणूस म्हणून हिशेबाचे काम आमच्याकडे आले. आम्ही उभे राहून मोठ्या ऐटीत सांगितले, “इथे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. घरटी पाच हजार. सर्वांना सारखा नियम.” टाळ्या पडल्या. समता, समता म्हणून आम्हीही खूष झालो.

आळीच्या टोकाला एक काकी राहत. नवरा वारलेला, दीड खणाचे घर, आणि काम मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलण्याचे. जेवढे किलो तेवढे पैसे. आळीच्या तोंडाशी दुमजली लॉजिंग होते. दोघांनीही पाच पाच हजार दिले. पाखाडी झाली. पुढे काही महिन्यांनी काकींच्या कानांतली फुले दिसेनात, म्हणून आमच्या घरातून चौकशी झाली. ती सोनाराकडे गहाण होती. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा काकी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, युनियनची वर्गणी घेताना तुम्ही माझी हजेरी बघता. पाखाडीचे पैसे घेताना नुसतं दार मोजलंत.”

त्या वाक्यावर आम्ही बरीच वर्षे विचार करीत आहो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचे उत्तर शोधण्याची खटपट आहे.

पहिली गोष्ट अशी की, आमची ती पट्टी कायद्याने पट्टीच नव्हती. ती वर्गणी होती. आपल्या संविधानाचे २६५ वे कलम सांगते की, कायद्याच्या अधिकारावाचून कोणताही कर बसवता येत नाही, वसूल करता येत नाही. आळीची समिती कितीही भली असो, तिला कोणाच्या दारात जाऊन ‘टाक पैसे’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. मग गरीब माणूस का देतो? लाजेने देतो. श्रीमंताने नाही म्हटले तर त्याला ‘व्यवहारी’ म्हणतात. गरिबाने नाही म्हटले तर त्याला ‘फुकट्या’ म्हणतात. म्हणून निव्वळ वर्गणीच्या मार्गात दुबळ्यावरच जोर पडतो. कायद्याची पट्टी कडक वाटते खरी. पण तिच्यात सूचना असते, हरकत असते, सुनावणी असते, अपील असते. लाजेवर अपील नाही.

कायद्यात मार्ग आहे काय? आहे, आणि जुना आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ३०५ वे कलम आहे. खाजगी रस्ता सपाट केलेला नसेल, फरसबंदी, गटार, दिवा यांची सोय नसेल, तर त्याला लागून असलेल्या मिळकतींच्या मालकांना आयुक्त नोटीस देऊन ते काम करावयास सांगू शकतो. त्यांनी न केल्यास पालिका करते आणि खर्च मालकांवर वाटून टाकते. पुढचेच ३०६ वे कलम असा सुधारलेला रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याचे आहे. यातला सौदा नीट पाहा. एकदा मालकांनी रस्ता नीट करावयाचा, आणि मग कायमची निगा सार्वजनिक पैशातून व्हावयाची.

दुसरा मार्ग नगररचनेचा. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला. त्याचे तत्त्व असे: सार्वजनिक कामामुळे तुमच्या जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीतला काही वाटा कामाच्या खर्चासाठी द्यावा. तेच तत्त्व १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही आहे. आणि तो वाटा वाढीच्या निम्म्याहून अधिक असू नये, अशी मर्यादाही आहे. घाम दुसऱ्याचा, रस्ता पालिकेचा आणि भाववाढ मात्र आमची, या वृत्तीला त्या कायद्याने जागीच उत्तर देऊन ठेवले आहे.

हे तत्त्व ताणले तर काय होते, त्याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. ओहायो राज्यात नॉरवुड नावाच्या गावाने बेकर नावाच्या एका बाईच्या जमिनीतून तीनशे फूट लांबीचा रस्ता काढला. जमिनीची भरपाई ठरली दोन हजार डॉलर. मग गावाने ती भरपाई, वकिलाचा आणि कोर्टाचा खर्च, सगळा मिळून २,२१८ डॉलर होईल तो त्याच बाईच्या उरलेल्या जमिनीवर रस्त्याच्या फुटांच्या हिशेबाने बसवला. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने व्याजासकट काढून घेतले. १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाला झालेल्या विशेष लाभाहून बरीच अधिक पट्टी बसवणे म्हणजे भरपाईवाचून त्याची मालमत्ता घेणे होय. लाभ तितका भार, हा नियम दोन्ही अंगांनी लागू असतो.

पण लाभ मोजावा कसा? इथे चार माणसे चार गज घेऊन उभी असतात. ज्याचे घर मोठे तो म्हणतो, घरटी सारखे घ्या. ज्याचे दार अरुंद तो म्हणतो, रस्त्याला लागलेल्या फुटांवर घ्या. जो पाखाडीच्या वरच्या टोकाला राहतो तो म्हणतो, पाणी खालच्यांच्या घरात शिरते, गटाराचे पैसे त्यांनी द्यावे. खालचा म्हणतो, पाणी तुमच्या अंगणातून येते, तुम्हीच द्या. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे खरे असते, आणि प्रत्येकाचा गज त्याच्याच घराकडे वाकलेला असतो.

तेव्हा एक हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, दोनशे फुटांची आळी आहे, दोन्ही बाजूंनी मिळून दहा घरे, आणि रस्त्याला लागलेली लांबी चारशे फूट. गटार आणि पाखाडी यांचा खर्च चार लाख रुपये. या वाटेने शाळेची मुले जातात, देवळाला जाणारी माणसे जातात, आणि वरच्या सडकेचे पाणी याच आळीत उतरते. म्हणून निम्मा खर्च नगरपरिषदेने सोसला पाहिजे. उरले दोन लाख.

घरटी सारखे वाटले तर प्रत्येकी वीस हजार. फुटांवर वाटले तर फुटाला पाचशे: वीस फुटांच्या लहान घराला दहा हजार, शंभर फुटांच्या जुन्या वाड्याला पन्नास हजार, आणि चाळीस फुटांच्या लॉजिंगला वीस हजार. इथे वाड्यावर अन्याय होतो. वाड्यात कदाचित दोन म्हातारी माणसेच राहत असतील. आणि लॉजिंग पुन्हा सुटते, कारण त्याची कमाई फुटांत मावत नाही, मजल्यांत मावते.

आता निम्मी रक्कम फुटांवर आणि निम्मी घरपट्टीच्या प्रमाणात वाटू. आळीच्या एकूण घरपट्टीत लहान घराचा हिस्सा शंभरात दोन, वाड्याचा पंधरा आणि लॉजिंगचा तीस, असे धरा. मग लहान घराला पाच हजार अधिक दोन हजार, म्हणजे सात हजार. वाड्याला पंचवीस अधिक पंधरा, म्हणजे चाळीस हजार. लॉजिंगला दहा अधिक तीस, म्हणजे तेही चाळीस हजार. हा हिशेब परिपूर्ण आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो सभेत फळ्यावर मांडता येतो, आणि प्रत्येकाला आपला आकडा स्वतः ताडून पाहता येतो. ज्या हिशेबाला पंडित लागतो, त्याच्यावर आळीचा विश्वास बसत नाही.

यावर हरकत येईल की, घरपट्टीची आकारणीच मुळात वाकडी आहे. ती परंपरेने घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल या अंदाजावर होत आली, आणि नगरपरिषदांत तिची फेरतपासणी चार वर्षांनी करावयाची असते. नोटीस येते तेव्हा आपण ती खुंटीला अडकवतो, हरकतीची मुदत जाऊ देतो, आणि मग वर्षभर कुरकुरतो. शेजारच्या दुमजली इमारतीची नोंद अजून कौलारू घर म्हणून असेल, तर तिचा भार आपल्या अंगावर पडतो. आकारणीची यादी पाहणे हे आळीचे पहिले काम आहे, कुदळ त्यानंतर.

आता माणसांकडे येऊ. मालक म्हटला की एक माणूस डोळ्यांपुढे येतो; आपल्याकडे तसे नसते. घर सामायिक, सात-बारा वारसांचे. एक इथे राहतो, तिघे मुंबईला, एक पुण्याला, एक गणपतीला येतो. जो इथे राहतो त्याच्याच गळ्यात सगळी पट्टी पडते. यावर उपाय असा की, पट्टी माणसावर न बसवता मिळकतीवर बसवावी, आणि ती मिळकतीच्या खाती उभी राहावी. वाटणीच्या वा विक्रीच्या वेळी ती प्रथम फिटेल. चाकरमानी भावाचाही त्यात आपोआप वाटा येईल, आणि इथे दिवा लावणाऱ्याला दंड बसणार नाही.

भाडेकरूंचे काय? आमच्या संघटनेतली निम्मी माणसे भाड्याने राहतात. जुन्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून घरमालकाला वाढलेल्या कराइतकी भाडेवाढ मागण्याची वाट आहे. पण कर दरवर्षी येतो आणि पाखाडी एकदाच बांधली जाते. पाखाडीने वाढलेली जागेची किंमत मालकाच्या खिशात जाते. भाडेकरू उद्या घर सोडेल तेव्हा तो चिरा काही काखेत मारून नेणार नाही. म्हणून भांडवली सुधारणेची पट्टी मालकाची, आणि रोजच्या झाडलोटीचा वाटा राहणाऱ्याचा, अशी वाटणी आम्हांला न्याय्य वाटते.

आणि काकी? त्यांचे घर त्यांच्या मालकीचे, म्हणजे कागदावर त्या मालक. पण हातात रोकड नाही. अशा घराची पट्टी माफ करावी, असे काही भले लोक म्हणतात. आम्ही त्याच्या विरुद्ध आहो. माफी घेतलेला माणूस पुढच्या सभेत बोलत नाही. सात हजारांचे पाच वर्षांत चौदाशे प्रमाणे हप्ते करावेत, राहत्या लहान घराला व्याज लावू नये, आणि तेही झेपत नसेल तर रक्कम मिळकतीवर लिहून ठेवावी, घर विकले जाईल तेव्हा घ्यावी. बाई देणेकरी राहील, याचक होणार नाही.

कुवतीप्रमाणे देणे हे काही नवे नाही. ट्रेड युनियन कायद्यात १९६० च्या दुरुस्तीने सभासदाची किमान वर्गणी महिना पंचवीस पैसे ठरली, सर्वांना एकच. २००१ च्या दुरुस्तीत मात्र तीन पायऱ्या केल्या: ग्रामीण कामगाराला वर्षाला एक रुपया, इतर असंघटित कामगाराला तीन, बाकीच्यांना बारा. मताचा हक्क मात्र एक रुपयावाल्याचा आणि बारा रुपयेवाल्याचा सारखाच राहिला. भार कुवतीने आणि मत माणशी एक, असा हा नियम आहे. समता मताच्या जागी हवी होती. आम्ही ती पाच हजारांच्या पावतीत शोधत बसलो.

इथे आमच्याच बाजूचा एक धोका सांगणे प्राप्त आहे. मालकांच्या पट्टीतून आळ्या सुधारू लागल्या, तर सुखवस्तू आळी आधी सुधारेल, आणि जिथे देणारेच नाहीत ती वस्ती चिखलातच राहील. नगरपरिषदेला ‘पैसे भरा, मग काम’ असे म्हणण्याची सवय लागेल. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली, तेव्हापासून त्यांचे डोळे सरकारी अनुदानाकडे लागलेले आहेत; त्यामुळे ही सवय लागावयास वेळ लागणार नाही. म्हणून नगरपरिषदेचा वाटा सर्वत्र एकसारखा निम्मा असू नये. श्रीमंत आळीत तो कमी असावा, आणि मच्छीमारांच्या वा मजुरांच्या वस्तीत संपूर्ण असावा. ज्योतिराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताच्या सजावटीसाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधात मत त्यांचे एकट्याचे पडले. नगरपालिकेचा पैसा कोणत्या दारी आधी जातो, हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजचाही आहे.

पैसा गोळा झाल्यावर तो कसा खर्च होतो, यावर पुढच्या वेळेची पट्टी अवलंबून असते. काम चुकीच्या क्रमाने झाले तर पैसे पाण्यात, आणि कोकणात हे अक्षरशः घडते. आधी नळाची वाहिनी आणि गटार, नंतर पाखाडी. जुन्या चिऱ्यावर काँक्रीटचा थर ओतला की वाटेची पातळी वीतभर वर येते, आणि पहिल्याच पावसात पाणी जोत्यावरून घरात शिरते. जांभा पाणी थोडे जिरवतो. सिमेंट सगळे खाली ढकलते. वरच्या आळीने केलेली सुधारणा खालच्या आळीचा पूर होऊ नये, हे पाहण्यासाठी अंदाजपत्रकावर खालच्या आळीचीही सही असावी.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका पाहता येते. वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आमची सूचना अशी की, जमा आणि खर्च दोन्ही आळीच्या तोंडाशी फळ्यावर लिहावेत, लॉजिंगचा आकडा आणि काकींचा आकडा एकाखाली एक. लपवण्यासारखे काही नसले की माणसे भांडत नाहीत असे नाही. पण खऱ्या गोष्टीवर भांडतात.

शेवटचा मुद्दा. पैसे दिले की माणसाला मालकी वाटू लागते. आज ठिकठिकाणी आळीच्या तोंडाला लोखंडी फाटक दिसते. ‘आम्ही पैसे भरले, आमची आळी’. पाणी कोणाचे आणि वाट कोणाची, या प्रश्नावर आपल्या कोकणाने फार मोठी किंमत मोजली आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले, आणि परतणाऱ्यांनी मार खाल्ला. नगरपालिकेचा ठराव कागदावर होता. तळ्याच्या काठी मालकीची भावना उभी होती. म्हणून पट्टीच्या पहिल्याच कागदावर लिहावे की, ही वाट सर्वांची आहे. पैसे देणाऱ्याला ती अडवण्याचा अधिकार मिळत नाही. टोपली घेऊन येणाऱ्या मासळीवालीने काही दिले नसेल. तिचाही पाय त्याच चिऱ्यावर पडणार.

आम्ही काकींना नंतर हिशेब करून दाखवला. त्या वेळी न्यायाने त्यांच्या वाट्याला किती यावयास हवे होते आणि किती आले, ते कागदावर मांडले. फरकाची रक्कम परत करावी असा विषय आम्ही आळीच्या सभेत मांडला, आणि आमची चूक उभे राहून कबूल केली. टाळ्या पडल्या नाहीत. लॉजिंगच्या मालकांनी बराच वाद घातला, आणि अखेर ‘पुढच्या कामाला बघू’ असे म्हणाले. परताव्याचा ठराव मंजूर झाला नाही. काकींची फुले आमच्या काही सभासदांनी आपापसात पैसे जमवून सोडवून आणली. पण तो न्याय नव्हता, ती मदत होती, आणि हा फरक काकींनाही कळत होता. त्या म्हणाल्या, “फुलं आली, बरं झालं. पण पुढच्या वेळी हिशेब आधी करा.”

पुढची वेळ आता आली आहे. त्या पाखाडीचे सांधे पुन्हा उघडले आहेत, गटार तुंबते आहे, आणि पावसाळ्याला फार दिवस उरलेले नाहीत. आपणही आपापल्या आळीत हीच सभा भरवणार असाल. त्या सभेत ‘घरटी सारखे’ असे कोणी ऐटीत म्हणाला आणि टाळ्या पडू लागल्या, तर कृपा करून एकाने उठावे आणि घरपट्टीची यादी मागावी.